झेरॉक्सने दिलेला मूळ कागद

कारखान्यात त्याला सगळे झेरॉक्स म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि बायको चिडली की घरीही तेच ऐकू येई. माणूस पन्नाशीला टेकलेला, हडकुळा, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत एकवीस वर्षं प्रोग्रॅम लिहीत बसलेला. आणि त्याचा नियम एकच: मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, नक्कल द्यायची.

शेजारणीने एकदा कुकरचं माहितीपुस्तक मागितलं, तर तिला आठ पानांची नक्कल स्टेपल करून मिळाली. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी जन्माचा दाखला बघायला मागितला. याने नक्कल दिली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मूळ प्रत माझ्याकडे सुरक्षित'. सासऱ्यांनी त्या रात्री मुलीला विचारलं म्हणे, की नवरा तरी मूळ येणार आहे ना मांडवात.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. याचं तोंड नव्हतं पोळलं, हाड मोडलं होतं.

बाप लेथवर कामाला होता आणि घरीही धातूच कापायला बसल्यासारखा वागायचा. त्याच्या हाताशी पोलादी फूटपट्टी असे. मारताना तो आवाज चढवत नसे, घाई करत नसे, आणि पट्टीची धार कुठे लागतेय हे बघून मारी. झेरॉक्स तेव्हा नऊ वर्षांचा होता, धाकटा भाऊ सहाचा. वार्षिक परीक्षेत गणितात नऊ मार्क पडले. शंभरपैकी. शाळेतून घरी येताना बुटाची नाडी सुटली म्हणून त्याने प्रगतिपुस्तक धाकट्याच्या हातात दिलं. नाडी बांधायला लागतो किती वेळ. तेवढ्यात धाकट्याने, दादाला मार पडू नये या शुद्ध हेतूने, लाल शाईतल्या नवापुढे पेन्सिलीने एक शून्य काढलं. शून्य चांगलं गरगरीत होतं. नवाच्या दुप्पट.

बापाने पुस्तक उघडलं, बघितलं.

"हे शून्य कुणाचं?"

धाकटा दाराआड उभा होता. त्याची चड्डी ओली झालेली झेरॉक्सला दिसत होती.

"माझं," झेरॉक्स म्हणाला.

पहिले वीसेक फटके पट्टीचे होते. मग बापाने त्याला दंडाला धरून उचललं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. गळ्याखालचं डावीकडचं हाड सुक्या काटकीसारखं वाजलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. थंडी पडली की अजून ठणकतं. धाकट्याने त्यानंतर वर्षानुवर्षं ती गोष्ट काढली नाही, यानेही नाही.

धाकटा पुढे बापावर गेला, निदान हाताने तरी. त्याच कारखान्याच्या यार्डात तो हूकवाला झाला. पेटीला पट्टा बांधायचा, पट्टा क्रेनच्या हुकात अडकवायचा, पेटी ट्रकमध्ये उतरेपर्यंत हाताने सरळ धरायची. यार्डात त्याचं नाव घण. हे नाव कसं पडलं ते विचारायची गरज त्याची मूठ बघितल्यावर राहत नसे. यार्डात बोलाचाली फार वेळ चालत नाही. दोन वाक्यांनंतर कुणाच्या तरी हातात पाना येतो. त्यात घणाला पान्याची गरज नव्हती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये घणाने थोरल्याला विचारलं होतं, "दादा, तू वर बसून करतोस तरी काय? एवढ्या वर्षांत तुझ्या हाताला साधा घट्टा नाही."

"चौदा टेबलं आहेत असं समज," झेरॉक्स म्हणाला. "ट्रक आला की मी एक ट्रे भरतो. ट्रेला खण. एका खणात ट्रकचा नंबर, एकात पेटीचा, एकात वजन किलोमध्ये, एकात कुठे जायचं ते. हा ट्रे टेबलाटेबलावरून फिरतो. एक टेबल गेटपास लिहितं, एक जहाजाचे कागद करतं, एक ठरवतं कुठला पट्टा लावायचा."

"ही टेबलं कुठं असतात?"

"प्रोग्रॅममध्ये. त्यांना प्रोसीजर म्हणतात. प्रत्येकीला ट्रे हवा असतो."

"मग देतोस."

"ट्रे नाही देत. ट्रेची नक्कल देतो. तिने आपल्या नकलेत हवं ते खरडावं. माझा ट्रे जसाच्या तसा."

घणाने ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि उठता उठता म्हणाला, "तुझं अजून ते शून्यच चाललंय."

"कुठलं शून्य?" झेरॉक्सने विचारलं. पण तो निघून गेला होता.

आता पट्ट्यांचं. कारखान्यात पंपांचे ओतीव भाग बनत आणि ते लाकडी पेट्यांत खिळे ठोकून बंद होत. पेट्या सगळ्या एका मापाच्या. एकीत पत्र्याची झाकणं असतील तर सातशे किलो, दुसरीत भरीव ओतकाम असेल तर सहा-सात हजार. बाहेरून दोन्ही सख्ख्या बहिणी. म्हणून पट्टे तीन रंगांचे: टनापर्यंत पिवळा, तीन टनांपर्यंत हिरवा, त्यावर लाल. पूर्वी चिठ्ठीवर वजनाचा आकडा छापून यायचा. एकदा तो वाचण्यात घोळ झाला, त्यावरून भांडण, आणि घणाने चिठ्ठी देणाऱ्या कारकुनाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तेव्हापासून यार्डाच्या मागणीवरून चिठ्ठीवर फक्त रंगाचं नाव यायचं, वीतभर मोठ्या अक्षरात. क्रेनमध्ये वजन दाखवणारं एक घड्याळ होतं. त्याचा काटा दोन वर्षांपासून एका जागी झोपला होता.

अडचण सुरू झाली ती ट्रकच्या रांगेमुळे. चिठ्ठी निघायला पेटीमागे दीड मिनिट लागे. रांग फाटकाबाहेर मोठ्या रस्त्यापर्यंत जाई, आणि एके दिवशी दोन ड्रायव्हरांनी नंबरावरून एकमेकांची डोकी जॅकच्या दांड्याने फोडली. एकाचं रक्त केबिनच्या पायरीवरून टपटपत होतं आणि दुसरा शांतपणे त्याच्याच फडक्याने हात पुसत होता. हे बघितल्यावर विभागप्रमुख मॅडम वर आल्या.

"अहो, पेटीमागे दीड मिनिट का लागतं?"

"नक्कल होते, मॅडम."

"किती वेळा?"

"चौदा."

"आणि ट्रे केवढा?"

"हजार पेट्यांची जागा आहे त्यात."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. "एका पेटीसाठी हजार पेट्यांची जागा चौदा वेळा उतरवून काढता? कशासाठी?"

"सवय आहे."

"ट्रेच द्या ना हातात. सगळं जग तसंच करतं. बघायचं आणि पुढे सरकवायचं. कोण खाणार आहे तुमचा ट्रे?"

त्याने दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच वाटलं की आपण एका पेन्सिलीच्या शून्यासाठी किती वर्षं रांग लावून ठेवणार. त्याने एकेक प्रोसीजर उघडून बघितली: ही ट्रेमध्ये काही लिहिते का, की नुसती वाचते? अकरा प्रोसीजर दुसऱ्यांनी लिहिलेल्या होत्या. त्या त्याने ओळ न् ओळ तपासल्या. दोघी खरडणाऱ्या निघाल्या, त्यांना सुधारलं. उरलेल्या तीन त्याच्या स्वतःच्या हातच्या. त्या त्याने उघडल्या नाहीत. आपल्याच खिशाची झडती कोण घेतो.

जहाजाचे कागद करणारी प्रोसीजर त्या तिघींपैकी होती. जहाजाच्या कागदावर वजन टनात लागतं. नऊ वर्षांपूर्वी ती लिहिताना त्याने किलोला हजाराने भागलं, वरचे सुटे किलो सोडले, आणि उत्तर त्याच वजनाच्या खणात परत ठेवून दिलं. वेगळा खण कशाला करायचा? हातात आहे ती नक्कलच आहे, आपणच तर नियम केलाय. जगात कुणी मूळ ट्रेमध्ये खरडू नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या माणसाने स्वतः बिनधास्त खरडलं होतं, कारण त्याचा स्वतःच्या नियमावर विश्वास होता. आणि आता नियम त्यानेच काढून घेतला.

तीन दिवस सगळे ट्रक जवळपासचे होते, त्यांना जहाजाचे कागद लागत नसत. चिठ्ठी चार सेकंदात निघे. रांग संपली. मॅडमनी खालून वर फोन करून "झेरॉक्सराव, अभिनंदन" म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी अकराला जहाजाचा ट्रक लागला.

पहिली पेटी झाकणांची. वजन सातशे, हजाराने भागून शून्य, चिठ्ठी पिवळी. खरंच पिवळीच हवी होती, म्हणून काही झालं नाही. दुसरी पेटी साडेसहा हजार किलोची. जहाजाच्या टेबलाने खणात सहा लिहिले. पुढच्या टेबलाने सहा वाचले, सहा किलो. पिवळा.

पट्टा घणाचा जोडीदार लंबू बांधत होता. हा सहा फुटांचा, लाजाळू माणूस, यार्डात कधीच कुणाच्या अंगावर हात न टाकणारा बहुधा एकटाच. क्रेनवर मामा होते. मामा साठीचे, सगळ्या यार्डाचे मामा. त्यांनी पेटी दोन बोटं उचलली आणि थांबले.

"लंबू, जड लागतीय रे."

लंबूने चिठ्ठी वर करून दाखवली. "पिवळा आहे, मामा. घ्या."

पेटी माणसाच्या छातीइतकी वर गेली. पट्टा तुटला तेव्हा आधी आवाज आला, चाबकासारखा, आणि तुटलेलं टोक फिरून लंबूच्या गालावर बसलं. गाल कानापर्यंत उघडला. तो मागे पडला, आणि पेटी तिरकी होऊन त्याच्या उजव्या मांडीवर आली. लाकूड फुटलं. आतलं ओतकाम बाहेर आलं आणि तेही तिथेच पडलं. लंबू ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाजाऐवजी रक्तच येत होतं. पेटी पहारी घालून सरकवायला बारा माणसं लागली, आणि सरकवल्यावर त्यातल्या दोघांनी तोंड फिरवलं.

त्याला गाडीत घालून नेलं तेव्हा सगळ्यांनी तो गेलाच असं धरलं.

मग यार्ड मामांकडे वळलं.

"झटका दिला म्हाताऱ्याने," कुणीतरी म्हणालं. "पिवळा पट्टा असा तुटतो होय?"

मामांना केबिनमधून पाय धरून ओढलं. खाली पडताना त्यांचं डोकं लोखंडी पायरीवर तीनदा वाजलं. घणाने त्यांना कॉलरला धरून उभं केलं, क्रेनच्या चाकाला टेकवलं, आणि पहिला ठोसा नाकावर टाकला. बाकीचे लाथा मारत होते. कुणीतरी साखळीचा तुकडा आणला.

वरच्या खिडकीतून झेरॉक्स बघत होता. त्याने चिठ्ठीची स्वतःची नक्कल काढली. प्रत्येक चिठ्ठीची ठेवायचाच. पिवळा. मग पडद्यावर ट्रे उघडला. वजनाच्या खणात सहा. तो सहा आकडा त्याने ओळखला, बापाने ते शून्य ओळखलं होतं तसाच, एका नजरेत.

तो उठला. गोंधळ ऐकून वर धावत आलेल्या मॅडमनी दार आतून लावलं होतं.

"बाहेर जायचं नाही. पोलिसांना फोन केलाय."

"मामांचा दोष नाही, मॅडम. माझा आहे. ट्रेमध्ये मीच लिहिलंय."

मॅडम पडद्यापाशी आल्या, सहा बघितले, आणि भिंतीला टेकल्या. "ट्रेच हातात द्या, हे मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"उघडून बघायचं काम माझं होतं."

"मग लेखी द्या. सही करा, आपण दोघं करू, पोलीस आले की दाखवू."

"पोलीस येईपर्यंत मामा राहणार नाहीत."

"आणि तुम्ही खाली गेलात तर तुम्ही राहणार नाही. त्यांना कळेल का ट्रे आणि टेबल?"

त्याने खिडकी उघडून हाक मारली. तीन-चारदा मारली. यार्डातल्या गोंगाटात ती कुठल्या कुठे विरली. मग त्याने खरोखर चिठ्ठीच्या नकलेवर मोठ्या अक्षरात 'चूक माझी' असं लिहून तो कागद खाली सोडला. कागद हेलकावे खात रक्ताच्या थारोळ्यात पडला आणि एका बुटाखाली गेला. साखळी वर गेली, खाली आली. मामा आता उभे नव्हते.

"मॅडम, दार," तो म्हणाला.

मॅडमनी किल्ली दिली. त्याने दार उघडलं आणि जिना उतरला.

गर्दीत शिरताना एक कोपर त्याच्या तोंडावर बसलं. तो सरकत सरकत मामांपर्यंत पोचला आणि त्यांच्यावर आडवा झाला. एक लाथ पाठीत बसली. मग कुणीतरी ओळखलं.

"अरे, घणाचा दादा."

घण धापा टाकत उभा होता. मुठी कोपरापर्यंत लाल. "दादा, बाजूला हो."

"मामांनी झटका दिला नाही. पेटी साडेसहा टनांची होती. पट्टा लाल हवा होता."

"चिठ्ठी पिवळी आली."

"चिठ्ठी माझी."

"चिठ्ठी मशीनची."

"मशीनला मी सांगतो ते ते करतं. वजनाच्या खणात चुकीचा आकडा मी लिहिला. दुसऱ्या कुणी नाही."

मग एक लोखंडी नट भिरभिरत आला आणि झेरॉक्सच्या कानामागे लागला. साखळीवाला पुढे सरकला. मागून कुणी म्हणालं, "याला वर न्या, वरूनच टाका." वर्तुळ आवळलं. झेरॉक्सने मामांचं डोकं हातांनी झाकून धरलं होतं. आपलं झाकायला हात उरले नव्हते.

घणाने साखळीवाल्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला मागे ढकललं, असा की तो चार पावलं जाऊन बसला.

"हा माझा," घण म्हणाला. "भाऊ माझा, आणि गेला तो जोडीदारही माझाच. मध्ये कुणी आला तर त्याला आधी घेईन."

कुणी आलं नाही. घणाने थोरल्याला मामांवरून उचललं, उभं केलं, आणि मारायला सुरुवात केली.

ते मारणं खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. बघणाऱ्यांपैकी कुणी नंतर तसं म्हणालं नाही. पहिल्या ठोशाला दोन दात गेले. दुसऱ्याने उजवा डोळा बंद केला. मग बरगड्या. त्यांचा आवाज पुढे उभ्या असलेल्यांना ऐकू आला. झेरॉक्स पडला की घण उचले, उभा करी आणि पुन्हा मारी. घण रडत होता आणि मारत होता, आणि नाकातून वाहत होतं ते पुसायला त्याच्याकडे वेळ नव्हता. आठ-दहा मिनिटं चाललं. शेवटी यार्डातल्याच एका म्हाताऱ्या हूकवाल्याने त्याचा दंड धरला. "घण, बस. मरेल."

"मग तुम्ही सगळे जा," घण म्हणाला.

सगळे गेले. पोलीस आले तेव्हा यार्डात तिघेच होते. मामा चाकापाशी, झेरॉक्स त्यांच्याजवळ, आणि घण दोघांच्या मध्ये बसलेला, हात मांडीवर ठेवून, बेड्यांची वाट बघत.

घणाला नेलं, पण जबाब द्यायला झेरॉक्सने नकार दिला. मामांनीही, शुद्धीवर आल्यावर, आपल्याला कुणी मारलं ते दिसलं नाही असं सांगितलं. एक डोळा गेला होता, त्यामुळे म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. पाचव्या दिवशी घण सुटला आणि थेट हॉस्पिटलात आला. दोन्ही हातांना बँडेज. खाटेजवळ येऊन उभा राहिला.

त्याच वेळी डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या. "काय हो," त्यांनी झेरॉक्सला विचारलं, "मारणारा एका बाजूनेच मारत होता का? उजवीकडे तीन बरगड्या, मनगट, डोळा. डावीकडे साधा ओरखडा नाही. तिकडे फक्त एक जुनं मोडलेलं हाड आहे, लहानपणचं दिसतं."

"गर्दी होती," झेरॉक्स म्हणाला. "त्याला जागा मिळाली नसेल."

बाई गेल्या. घण स्टुलावर बसला.

"लंबू?" झेरॉक्सने विचारलं.

"आहे. पाय मांडीपासून काढला. खालच्या मजल्यावर आहे."

"त्याला कळलं? माझं?"

"मीच सांगितलं. म्हणाला, तो खाली आला तर मोकळ्या हातानं सलाइनचा दांडा घालीन डोक्यात." घणाने बँडेजचं टोक दातांनी ओढलं. "लंबू असं बोलला, दादा. आजवर शिवी दिली नव्हती त्याने."

मॅडमनी सकाळी कागद पाठवला होता. प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी दुरुस्त केला होता, आता पुन्हा नकला होत होत्या आणि रांग पुन्हा रस्त्यावर गेली होती. खाली त्याच्या सहीसाठी जागा होती. कागद सहीविना तसाच उशीखाली होता. त्यात 'यंत्रणेतील त्रुटी' असं लिहिलेलं होतं, आणि त्याचं म्हणणं होतं की त्रुटीला तोंड असतं, नाव असतं, ते लिहा.

"मला खाली घेऊन चल," तो म्हणाला.

"लंबूकडे?"

"हो."

"मारेल तो."

"त्याला उठता येत नाही. मारायचं म्हटलं तर मला जवळ जावं लागेल."

घणाने थोडा विचार केला. मग स्टूल सरकवलं, वाकला, आणि थोरल्याला उचलण्यासाठी हात कुठून घालावा ते शोधू लागला. उजवीकडून घालता येत नव्हता, तिकडे सगळं त्यानेच मोडलेलं. डावीकडे ते वाकडं हाड होतं. त्याने हात बराच वेळ हवेत धरला.

"घाल," झेरॉक्स म्हणाला. "ते कधीच जुळलंय."